झडपेचं शिक्षण

श्रीनिवास हळब्यांच्या हृदयाची झडप बदलली तेव्हा त्यांना भेटायला कुणीही आलं नाही. यात कुणाचा दोष नव्हता. शस्त्रक्रियाच इतकी लहान झाली होती, की लोक कपडे बदलून निघेपर्यंत पेशंट घरी पोचलेला असायचा.

हळब्यांच्या मामांची छाती उघडली होती, तो काळ वेगळा. तेव्हा हे मिरजेचं हॉस्पिटल म्हणजे लग्नाचं कार्यालयच वाटायचं. वॉर्डाबाहेर सतरंजी, तिच्यावर शहाळी, थर्मास, तीन घरांतले डबे, आणि वॉचमनशी हुज्जत घालायला खास इचलकरंजीहून आलेले एक गृहस्थ. ते नक्की कुणाचे कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते रोज यायचे. मामा पुढं जन्मभर सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी टाकून हिंडले आणि ज्याला त्याला तो व्रण दाखवत राहिले. हळब्यांच्या वाट्याला जांघेत मुगाच्या दाण्याएवढं भोक आलं, त्यावर एक पट्टी. दाखवायची म्हटली तरी कुणाला दाखवणार?

त्यांची एकुलती एक मुलगी ऋजुता बंगळूरला असायची. तिनं तिकीटसुद्धा काढलं होतं.

"येऊ नकोस," हळबे फोनवर म्हणाले होते. "इंजेक्शनएवढं भोक असतं. सकाळी जायचं, दुपारी वरणभाताला घरी."

"नक्की ना, बाबा?"

"अगं, नक्की."

तिनं तिकीट रद्द केलं. दोघांनीही, एकमेकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, सुटकेचा निःश्वास टाकला.

हळब्यांचं आयुष्य पाणीपुरवठा खात्यात गेलं होतं. झडप या विषयावर आपल्याला नवीन काही सांगण्यासारखं कुणापाशी नाही अशी त्यांची समजूत होती. डॉ. रुबीना मुजावर यांनी ती पहिल्याच दिवशी दूर केली.

"काका, पूर्वीच्या झडपा धातूच्या, नाहीतर जनावराच्या कातड्याच्या. बसवली की विषय संपला. ही नुसती जाळी आहे. पेन्सिलीएवढी घडी करून जांघेतल्या रक्तवाहिनीतून वर नेली आणि हृदयात छत्रीसारखी उघडली. आता तुमच्याच रक्तातल्या पेशी हिच्यावर वस्ती करणार. सहा आठवड्यांत जाळी विरघळून जाईल. उरेल ती तुमच्या स्वतःच्या मांसाची झडप."

"मग अडचण काय?" हळब्यांनी विचारलं. सरकारी नोकरीत अडचण नसलेली योजना त्यांनी पाहिली नव्हती.

"अडचण ही, की मांस शिकतं. कुदळ धरली की तळव्याला घट्टे पडतात ना? तसं. या सहा आठवड्यांत झडपेवर जो जो ताण येईल, तेवढ्यासाठी ती तयार होईल. मग पक्की होईल, आणि पक्की झाल्यावर काही शिकणार नाही. गादीवर पडून राहिलात तर गादीवर पडण्यापुरती झडप मिळेल. पुढं एखाद्या दिवशी कुणी दचकवलं, कुणावर संतापलात, की तिथंच कोसळाल."

"चालेन की. रोज चालेन. जिने चढेन."

"त्यानं निम्मं काम होतं. चालताना अंगातल्या रक्तवाहिन्या सैल होतात. हृदय जोरात चालतं, पण पुढची वाट मोकळी असते. रागात उलटं. वाहिन्या आवळतात आणि हृदयाला बंद दारावर धडका माराव्या लागतात. रडण्याचा दाब वेगळा, पोट धरून हसण्याचा वेगळा. झडपेला हे सगळं दाखवावं लागतं."

"आणि नाही दाखवलं तर? दुसरी बसवता येईल?"

"या वाटेनं नाही. छाती उघडावी लागेल, आणि तुमच्या किडन्या बघता मी ती उघडणार नाही."

मग डॉक्टरांनी औषधं लिहून दिली. गोळी, जेवणानंतर एक. चालणं, सकाळ-संध्याकाळ. हसणं, जमेल तेव्हा. भांडण, दिवसातून एकदा.

"कुणाशी?" हळब्यांनी विचारलं.

"ते तुम्ही बघा. घरी कोण कोण असतं?"

"मी असतो."

डॉक्टरांनी हे लिहून घेतलं नाही.

जाळीत तांदळाच्या कणीएवढा एक संदेशक होता. झडप दिवसभर काय सोसते याची रेघ त्यातून डॉक्टरांच्या पडद्यावर आणि हळब्यांच्या फोनवर उमटायची. चालताना रेघेला छोट्या टेकड्या यायच्या. बाकी सगळा माळ.

हळबे शिस्तीचे होते. सांगितलेला उपचार न करणं त्यांना पटण्यासारखं नव्हतं. ते भांडण शोधायला बाहेर पडले.

पूर्वी रिक्षावाला हा हक्काचा माणूस होता. पण आता रिक्षा आपल्या आपण चालायच्या, आणि भाडं जास्त वाटतं म्हटलं की ताबडतोब कमी करून क्षमा मागायच्या. बँकेत कुणी माणूसच नव्हता. एक गोड आवाज होता, आणि हळब्यांनी त्याला मूर्ख म्हटल्यावर तो म्हणाला, "आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." घरी येऊन त्यांनी बातम्या लावल्या. एकेकाळी बातम्या बघताना ते ताट सरकवून उठायचे, आता बघता बघता झोप लागली. शेवटचा उपाय म्हणून ते बागेतल्या हास्यक्लबात गेले. वीस माणसं हात वर करून सूर्याकडं बघून हा-हा करत होती. हळब्यांनीही केलं. झडप फसली नाही. रेघेवर हात वर केल्याची नोंद झाली, हसण्याची नाही.

मग सोसायटीची मीटिंग आली आणि हळब्यांना हुरूप आला. गच्चीवरच्या टाकीचे दोन भाग करावेत हा त्यांचा प्रस्ताव वर्षानुवर्षं पडत आला होता, आणि तो पाडण्याचं काम सेक्रेटरी महावीर चौगुले निष्ठेनं करत आले होते. तिथं तर उंच आवाजाची खात्रीच होती. हळबे उठले ते थेट वैयक्तिकावर आले.

"चौगुले, तुम्हाला पाण्यातलं ओ की ठो कळत नाही. सात मजले झाले तरी तुमची अक्कल तळमजल्यालाच."

चौगुल्यांचे कान लाल झाले. त्यांनी तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या सौ. चौगुल्यांनी त्यांना कोपर मारलं. तोंड मिटलं, आणि पुन्हा उघडलं तेव्हा त्यातून लोणी निघालं.

"काकांचं बरोबर आहे. मंजूर."

"अहो, मंजूर काय? विरोध करा की!"

"छे छे, विरोध कसला? सगळ्यांनाच पटलंय. काका, तुम्ही आधी बसा बघू. अरे, पाणी आणा कुणीतरी."

ठराव एकमतानं पास झाला. हळबे हातात पाण्याचा पेला धरून बसून राहिले. इतका दारुण पराभव त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

आपल्याकडं एकदा का माणूस हार्ट पेशंट झाला, की त्याला कुणी विरोध करत नाही. मयताची बातमी त्याला तेराव्यानंतर सांगतात. भारत हरला तर "मॅच रंगली" एवढंच सांगतात. पन्नास वर्षांत शास्त्र छातीतून जांघेत आलं, पण शेजारी होते तिथंच राहिले. मीटिंगनंतर जिन्यात हळब्यांनी चौगुल्यांना गाठून सगळं खरं सांगितलं. चौगुल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, डॉक्टर सांगणार, त्यांचं काय जातंय? उद्या तुम्हाला काही झालं तर लोक डॉक्टरचं नाव घेणार नाहीत. चौगुल्यानं म्हाताऱ्याला घालवलं म्हणतील. मला इथं राहायचंय."

"मग निदान शिवी तरी द्या."

"तुम्ही बरे व्हा," चौगुले प्रेमानं म्हणाले. "मग देतो."

चौथ्या आठवड्यात डॉ. मुजावर पडद्यावरची रेघ मागंपुढं करत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा काही चांगला दिसत नव्हता.

"झडप अरुंद बसायला लागली आहे, काका. बसून पेपर वाचण्यासाठी उत्तम आहे." मग त्यांनी एका जागी बोट ठेवलं. "आणि हे काय? रोज संध्याकाळी इथं रेघ अगदी सपाट होते. या वेळी झोपता का?"

हळब्यांनी चष्मा लावून पाहिलं. "नाही. तेव्हा मुलीचा फोन असतो."

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"काय बोलता तुम्ही?"

"ती म्हणते, जेवलात का. मी म्हणतो, जेवलो. मी म्हणतो, तिकडं पाऊस आहे का. ती सांगते, आहे किंवा नाही. मग ठेवतो."

"भांडण कधीच नाही?"

"आमच्या घरात कुणी कुणाला त्रास देत नाही," हळबे म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर अभिमानानं अनेकांना ऐकवलं होतं. आज रेघेसमोर ते जरा पोकळ वाजलं.

"तिला बोलवा. दोन आठवडे उरलेत."

हळब्यांनी त्या संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं, म्हणजे निम्मं सांगितलं. ऋजुता घाबरली आणि लगेच कामाला लागली.

"थांबा हं. भांडते. बाबा, तुम्ही... तुम्ही फोनचा चार्जर नेहमी हरवता!"

"खरं आहे."

"खरं आहे म्हणू नका ना!"

"मग काय म्हणू? हरवतोच की मी."

शनिवारी ती मिरजेला आली. येताना कमी मिठाचे सांडगे घेऊन आली. तिनं ओटा घासला, पडदे धुतले, बाबांच्या औषधांच्या डबीवर वार लिहिले. दोन दिवस घरात इतका समजूतदारपणा होता, की हळब्यांची रेघ पूर्वीपेक्षाही सपाट झाली. जेवताना दोघं शेवटची पोळी एकमेकांच्या ताटात ढकलायची. शेवटी ती कुणीच खायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सौ. चौगुले चहाला आल्या. त्यांनी सांडग्यांचं कौतुक केलं, पडद्यांचं केलं, आणि बाथरूमकडं बघत सहज म्हणाल्या, "नवीन कडी छान बसवलीय हो. ऑपरेशनच्या आधी त्या दिवशी आमच्या ह्यांनी दार फोडलं, तेव्हा बाई माझे हातपाय लटपटत होते. काका रात्रभर आत पडलेले, कुणाला पत्ताच नाही." मग ऋजुताचा चेहरा पाहून त्यांना एकदम घरचं दूध आठवलं आणि त्या गेल्या.

ऋजुतानं कपबशा उचलल्या. पुन्हा खाली ठेवल्या.

"दार फोडलं?"

"कडी तोडली फक्त," हळबे म्हणाले. "दार जुनंच आहे."

"बाबा! रात्रभर? मला म्हणालात, जरा दम लागतो!"

"लागतच होता. तुला उगाच कशाला त्रास..."

"हेच! हेच आईच्या वेळी! 'थोडा ताप आहे, तू तुझं ऑडिट आटप.' मी आटपलं ऑडिट. आणि इथं आले तेव्हा तुम्ही सगळे अंघोळी करून बसला होतात!"

हळबे उठून उभे राहिले. का उभे राहिलो हे त्यांनाही कळलं नाही.

"तुझी आईच म्हणाली, सांगू नका म्हणून."

"ती म्हणणारच! ती जन्मभर तेच म्हणत आली. तुम्ही ऐकायचं?"

"मग काय करायचं? मरणाऱ्या माणसाशी भांडायचं?"

"हो! भांडायचं! माझ्यासाठी भांडायचं!"

"आणि तू? चार वर्षं 'जेवलात का' विचारतेस. जेवणाला काय धाड भरली आहे माझ्या? दुसरं काही विचारलंस कधी? झडपेच्या वेळी तिकीट होतं तुझ्या हातात. मी येऊ नको म्हटलं आणि तू ऐकलंस!"

"तुम्हीच म्हणालात म्हणून!"

"मी म्हणणारच! मी जन्मभर तेच म्हणत आलो!"

दारावरची बेल वाजली. बाहेर चौगुले होते. "काका, सगळं ठीक आहे ना? आवाज आला म्हणून..."

"चौगुले, तुम्ही जा!" बापलेक एका सुरात ओरडले.

चौगुले गेले. खोलीत दोन माणसांच्या श्वासांचा आवाज राहिला. हळब्यांच्या गालावरून काहीतरी ओघळत होतं. ते बंगळूरच्या पाहुणीला दिसू नये म्हणून त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. टेबलावरचा फोन थरथरत होता. ऋजुतानं तो उचलला.

"बाबा, बघा."

रेघेवर डोंगर उभा होता. त्याच्या अंगाखांद्यावर सुळके होते, दरी होती, आणि दरीच्या पलीकडं आणखी एक डोंगर. हास्यक्लबातल्या वीस माणसांना मिळून तो जमला नसता. तिला हसू फुटलं, त्यांनाही. मग हसू ओसरलं आणि घरात तो जुना समजूतदारपणा पाय न वाजवता परत आला.

"मी ते झडपेसाठी बोलले हं," ऋजुता म्हणाली. "मनावर घेऊ नका."

"छे," हळबे म्हणाले. "मीसुद्धा त्यासाठीच."

ती आणखी काही दिवस राहिली. रोज चहानंतर दोघं भांडायला बसायची. पंखा किती वर ठेवावा, आमटीत गूळ किती, बंगळूरची हवा चांगली की मिरजेची. जोर चांगला असायचा आणि मधूनमधून खरा रागही यायचा. पण पहिल्या भांडणाच्या वाटेला कुणी पुन्हा गेलं नाही. दोघंही तिथून जपून, चपला हातात घेऊन जात होती. रजा संपली तशी ती गेली.

सहा आठवडे पुरे झाले तेव्हा डॉ. मुजावर खूश होत्या.

"जाळी विरघळली. संदेशकही गेला. आता ही झडप कुठल्याही कंपनीची नाही, तुमची आहे. ती काहीही सोसेल. कुणी केली ही मेहनत?"

"मुलीनं."

"तिला माझ्यातर्फे सांगा, आता भांडणाची गरज नाही. शांत राहा आता."

हळबे रिक्षात बसून घरी आले. रिक्षेनं सावकाश उतरा म्हणून सांगितलं. फोनवर रेघ नव्हती. जिथं ती असायची ती जागा कोरी होती. त्यांना थोडं चुकल्यासारखं झालं. सहा आठवडे कुणीतरी त्यांच्या आत काय चाललंय ते बघत होतं, भलेही ती तांदळाची कणी का असेना.

संध्याकाळी फोन आला. त्यांनी निकाल सांगितला. ऋजुताला फार आनंद झाला.

"जेवलात का?"

"जेवलो. पाऊस?"

"नाही. बरं, ठेवू?"

"ठेव."

हळबे फोन हातात धरून बसले. शेवटची पोळी ताटात तशीच होती. आज ती ढकलायलाही कुणी नव्हतं. उपचार संपला होता. म्हणजे इथून पुढं जे बोलणं होईल ते झडपेच्या नावावर खपवता येणार नव्हतं. त्याचं बिल आपलं आपल्यालाच भरावं लागणार होतं.

त्यांनी उलटा फोन लावला. त्यांच्या घराण्यात एका संध्याकाळी दुसरा फोन येतो तो कुणीतरी गेल्यावरच. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग? बरं आहे ना?"

"नाही," हळबे म्हणाले. हे उत्तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दिलं होतं, त्यामुळं पुढं काय म्हणायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

"छातीत दुखतंय? बाबा, मी चौगुल्यांना लावते..."

"छाती उत्तम आहे. चौगुले नको. काही होतच नाहीये, ऋजू. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काहीही होत नाही. तेच होतंय." त्यांनी श्वास घेतला. "आणि त्या दिवशीचं मी झडपेसाठी बोललो नव्हतो."



"मी येऊ का?" ती म्हणाली.

नेहमीचे दोन शब्द त्यांच्या ओठावर आले. त्यांना वळवून परत पाठवायला जोर लागला.

"ये."

"बघते हं. या महिन्यात रजा जरा..."

"बघतेबिघते नको! ये म्हणतोय ना!"

"ओरडता कशाला?"

"ओरडणारच! आता ओरडता येतं मला!"

पलीकडं एक आवाज झाला. ती हसली की तिला हुंदका फुटला, ते कळेना. फोनवरून दोन्ही सारखंच ऐकू येतं. तिच्या आत कुणी जाळी बसवलेली नव्हती, आणि बघायला कुठं रेघही नव्हती. विचारल्याशिवाय कळायला काही मार्गच नव्हता.

हळब्यांनी विचारलं.